लोमटे अण्णांच्या बारचं पाणी

ज्या माणसानं उभ्या आयुष्यात दारूला बोट लावलं नाही, खोकल्याचं औषधसुद्धा आधी हुंगून मगच चमच्यात ओतलं, त्या लोमटे अण्णांनी गेल्या वर्षी आपल्या राहत्या घरात बार बांधला. पुढच्या खोलीत, टीव्हीच्या शेजारी, आणि पलीकडच्या भिंतीला देवघर. स्वतःच्या हातानं बांधला. त्या बारमध्ये त्यांचा जीव कशात होता, तर सिंकमध्ये. कुठल्या बाटल्या ठेवायच्या हे त्यांनी कुणालाही विचारलं नाही. सिंकला पाणी कुठल्या लाइनीतून द्यायचं, यावर मात्र त्यांनी महिनाभर माझं डोकं खाल्लं.

अण्णा माझे शेजारी. सिडकोत आमची घरं एकाच भिंतीला दोन बाजूंनी चिकटलेली आहेत, त्यामुळे त्यांच्या घरात कुठला पाइप कुठून कुठे जातो याची मला गरज नसताना माहिती आहे. ते मूळचे पैठणकडचे. वाळूजच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. कारखान्यातून निवृत्त झाले, मेंटेनन्समधून झाले नाहीत. मी शाळेत मराठी शिकवायचो म्हणून गल्लीत मला सगळे ‘सर’ म्हणतात. अण्णाही म्हणतात, पण त्यांच्या तोंडी ‘सर’ म्हणजे टॉर्च धरणारा माणूस.

कुणाच्याही घरी गेले की अण्णा आधी बसत नाहीत. ‘जरा मोरी बघतो’ म्हणत सरळ आत जातात. यजमानीणबाई चहा टाकेपर्यंत आतून पान्याचा आवाज यायला लागतो. खिशात रुमाल नसेल, पण टेफ्लॉन टेपचं रीळ असतंच. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा भेटायला आले. बराच वेळ मान खाली घालून बसले. आमच्या हिला वाटलं, अण्णांना फार लागलेलं दिसतंय. मग त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, “सर, आतला नळ गळतोय. दुःखात माणसाचं ध्यान नसतं.” आणि उठून वॉशर बदलून आले. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी भेटायला आलेल्यांपैकी खरोखर उपयोगाचं असं कुणी काही केलं असेल तर ते त्यांनीच.

गळक्या नळाचा त्यांना मनापासून राग येतो. “गळती हा चारित्र्याचा प्रश्न हाय, सर,” असं ते म्हणतात आणि ज्याचा नळ गळतो त्याच्याकडे संशयानं बघतात. प्लंबर या जमातीवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. “दोन आटे मारतो न् च्या मागतो,” हे त्यांचं प्लंबरविषयीचं संपूर्ण मत. शेजारच्या गल्लीतल्या एका साखरपुड्यात, कार्यालयातला हात धुवायचा नळ हलतो म्हणून त्यांनी तो काढून हातात घेतला, तेव्हा मुलाकडची मंडळी खरकट्या हातांनी रांगेत उभी होती. “हात लावू नका, नुसतं बघा,” असं अण्णा त्यांना वर सांगत होते.

आता पाण्याचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या शहरात पाणी रोज येत नाही. पाण्याची पाळी असते. आठवडा-आठवडा नळ कोरडे असतात आणि पाणी कधी सुटेल हे लाइनीची चावी फिरवणाऱ्या वॉलमनला आणि देवाला ठाऊक. त्यातला वॉलमन निदान फोन उचलतो. पाणी आलं की अख्खी गल्ली उठते, प्रत्येक जण अंगणातला हौद भरून घेतो, मोटार लावून गच्चीवरच्या टाकीत चढवतो आणि पुढच्या पाळीपर्यंत त्या टाकीवर संसार करतो. घरातले सगळे नळ टाकीला जोडलेले. अंगणातला एकच नळ थेट रस्त्यावरच्या लाइनीला, तो पिण्याचं पाणी भरण्यापुरता.

अण्णांच्या लेखी ही पाण्याची दोन कुळं आहेत. टाकीचं पाणी वापरायचं. नळाचं पाणी प्यायचं. नळाचं म्हणजे थेट, धरणातून आलेलं, कुठंही न थांबलेलं. पाहुण्याला त्यांनी टाकीचं पाणी कधी दिलेलं मी पाहिलं नाही. घरात नळाचं पाणी संपलं असेल तर तांब्या घेऊन आमच्याकडे येतील, पण टाकीचं देणार नाहीत.

बारची बातमी फुटली तशी गल्लीनं आपापले अर्थ लावले. म्हातारपणी सुटलेत, असं एकाचं म्हणणं. दुसऱ्याला वाटलं, घर भाड्यानं द्यायचं असेल. खरं कारण मला माहीत होतं आणि ते सांगण्यासारखं नव्हतं.

अण्णांना एकुलती एक मुलगी, ज्योती. तिनं पुण्यात नोकरीतल्याच एका मुलाशी लग्न केलं. निखिल त्याचं नाव. पोरगा सालस. पहिल्या दिवाळीला जावयाला दिवाळसणासाठी बोलावलं. लोक अंगठी देतात, कपडे देतात. अण्णांनी पान्यांचा सेट दिला. तोही त्यानं हसून घेतला. घोटाळा संध्याकाळी झाला. निखिलनं थंड व्हायला म्हणून फ्रिजमध्ये बीअरची एक बाटली ठेवली होती, ती अण्णांच्या हाती लागली. पाहुण्यांनी भरलेल्या घरात त्यांनी बाटली उघडली, बेसिनमध्ये ओतली, वरून नळ सोडला. तेवढ्यावर थांबते तरी चाललं असतं. त्यांनी खाली बसून बेसिनचा ट्रॅप, म्हणजे खालचा वाकडा पाइप, उघडला आणि तो साबण लावून धुतला. निखिल शेजारी उभा राहून बघत होता.

तेव्हापासून ज्योती माहेरी मुक्कामाला राहिली नाही. भांडण नाही, अबोला नाही. सण चुकवत नाही, वाढदिवस चुकवत नाही. सकाळी येते, जेवते, संध्याकाळी पुण्याची गाडी धरते. “उद्या सकाळी मीटिंग आहे,” म्हणते. इतक्या वर्षांत तिची मीटिंग एकदाही पुढं ढकलली गेली नाही. अण्णांना कळत नव्हतं असं नाही. पण चुकलं म्हणायला तोंड लागतं, आणि अण्णांना देवानं सगळं हातांत दिलंय. त्यांनी बार बांधायला घेतला.

सुरुवात अभ्यासानं झाली. ते बजाजनगरमधल्या एका परमिट रूमवर गेले आणि मॅनेजरला म्हणाले, तुमच्या काउंटरच्या खालून बघायचंय. मॅनेजरला वाटलं, सरकारी माणूस आहे. त्यानं खुर्ची दिली, थंड दिलं, सगळी कपाटं उघडून दाखवली. अण्णा गुडघ्यावर बसून पाइप बघून आले. “सर,” ते मला म्हणाले, “पिणाऱ्यांचं मला म्हाईत नाय, पण धुणाऱ्यांचे लई हाल हायत तिथं.”

सामानासाठी आम्ही शहागंजला युनूसभाईंच्या दुकानात गेलो. मी बरोबर होतो कारण पिशवी धरायला कुणीतरी लागतं. युनूसभाई अण्णांना वर्षानुवर्षं वॉशर विकत आलेले.

“क्या बोले चाचा? बार का सिंक होना?” त्यांनी चष्मा वर केला. “तुमारी तबीयत तो बराबर है ना?”

“तबीयत को क्या धाड भरली है? जाळी स्टील की दो. वो पत्रे की नक्को.”

“पन पीनेवाला कौन है घर में?”

“पीनेवाला पुणे में है,” अण्णा म्हणाले. युनूसभाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं.

सिंक लहानसं होतं, भाताच्या पातेल्याएवढं. त्याचा नळ मात्र राजेशाही, बगळ्यासारखी मान असलेला, एक बाजू गरम पाण्याला आणि एक गार पाण्याला. लाल खूण, निळी खूण. दोन बाजूंना दोन कनेक्शन पाइप. हे दोन पाइप जोडण्यासाठी मी जी टॉर्च धरली तिचा भार अजून माझ्या खांद्यात आहे.

अण्णा काउंटरखाली आडवे पडलेले, बाहेर फक्त पाय. पायांकडून सूचना येत होत्या. आधी भिंतीतल्या पाइपाला दोन कॉक बसवले. आट्यांवर टेप गुंडाळताना त्यांनी मला भिंतीकडे तोंड करायला सांगितलं, कारण बघणारा असला की हात चुकतो. मग कनेक्शन पाइपाचं एक टोक नळाला, एक कॉकला. आधी हातानं, मग पान्यानं, आणि शेवटचा पाव फेरा मारताना श्वास रोखून. माझाही श्वास त्यांनी रोखायला लावला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की भिंतीतला तो पाइप अंगणातल्या नळाकडून आलाय.

“अण्णा, हे तर थेट लाइनीला जोडलंय. टाकीला नाही?”

“जावयाला टाकीचं पाजू?”

“पण नळाला पाणी असतं कधी? आठवड्यातून एकदा! मग इतर दिवशी हा बार कोरडा?”

एका पायानं दुसरा पाय खाजवला. “पाव्हण्याला थेट पाणी,” ते म्हणाले. “कायदा म्हंजे कायदा.”

“आणि लाल बाजूला गरम पाणी कुठून आणणार?”

“दोन्हीकडं गारच येईल. पिऊन बसलेल्या माणसाला काय कळतंय?”

मी वाद सोडून दिला. अण्णांशी पाण्यावरून वाद घालून जिंकलेला माणूस आमच्या गल्लीत नाही, त्यांच्या बायकोचा अपवाद. लोमटे वहिनी म्हणजे शांत बाई, पण पाण्याच्या पाळीच्या दिवशी त्यांच्या वाटेला कुणी जात नाही. एकदा कुणीतरी नळालाच मोटार लावून पाणी ओढत होतं, तर वहिनींनी त्याच्या दारात उभं राहून त्याच्या सात पिढ्यांचा हिशेब केला होता.

बार तयार झाला. वर काळा ग्रॅनाइट, समोर दोन उंच स्टुलं, मागच्या फळीला ग्लास उलटे अडकवायला लाकडात कोरलेल्या खाचा. ग्लास आणले. बाटली आणली नाही. दुकानाच्या पायरीपर्यंत जाऊन परत आले म्हणे. मग त्यांनी ज्योतीला फोन केला, आणि काहीही न सांगता ‘येऊन जा’ एवढंच म्हणाले.

शनिवारी सकाळी ते दोघं आले. नेहमीसारखे, हातात एक पर्स आणि एक पेढ्याचा पुडा. मला अण्णांनी साक्षीदार म्हणून बोलावून ठेवलं होतं. अण्णांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. त्यांनी जावयाला हाताला धरून काउंटरपाशी नेलं.

निखिलनं ग्रॅनाइट बघितला, स्टुलं बघितली, खाचांतले ग्लास बघितले. ज्योती दारातच थांबली.

“जावईबापू,” अण्णा म्हणाले, “त्या दिवाळीला मी...” एवढं म्हणून अडकले. “बाटली तेवढी तुमीच आणा. मला दुकानात शिरवत नाय.” मग एकदम नळाकडे बोट केलं. “उघडा. पयला हात तुमचा.”

निखिलनं लाल बाजू फिरवली. नळानं एक लांब उसासा टाकला. त्यानं निळी फिरवली. बगळ्याच्या चोचीतून एक थेंब आला, लटकला आणि आत परत गेला.

अण्णांचा चेहरा मी विसरणार नाही. सारं आयुष्य मेंटेनन्समध्ये गेलेला माणूस, ज्या एका दिवशी नळ चालायला हवा त्या दिवशी पाळी नाही हे विसरला होता. त्यांनी मुलीकडे पाहिलं, मग जमिनीकडे. मला इथं वाईट वाटलं, आणि मला सहसा वाटत नाही.

“पाणी कधी येतं, अण्णा?” निखिलनं विचारलं.

“पाळी मंगळवारच्या आसपास हाय,” अण्णा पुटपुटले. “टाकीला जोडून देतो. दहा मिन्टं बसा.”

“टाकीला कशाला?” निखिल म्हणाला. त्यानं एक स्टूल ओढलं आणि त्यावर बसला. “पाणी येऊ दे की. उद्‌घाटन झाल्याशिवाय कसं जायचं?”

ज्योतीनं त्याच्याकडे बघितलं. “कपडे नाही आणलेत मी.”

“तुझे हायत की कपाटात,” वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या. किती वर्षं त्या हे वाक्य तयार ठेवून बसल्या होत्या कोण जाणे.

अशी पोरगी माहेरी राहिली. रविवारी अण्णा जावयाला घेऊन गच्चीवर गेले आणि त्याला टाकी, टाकीचं झाकण आणि झाकणाची बिजागरी दाखवून आले. सोमवारी निखिलनं ऑफिसचं काम तिथूनच करायचं ठरवलं. बारच्या काउंटरवर लॅपटॉप, शेजारी वहिनींचा चहा, आणि समोरच्या स्टुलावर अण्णा, काही न कळता लक्षपूर्वक ऐकत. भिंतीपलीकडून मला ज्योतीचं हसणं ऐकू आलं. त्या घरातून असा आवाज येऊ शकतो हे मी विसरूनच गेलो होतो.

दुपारी मी डोकावलो तेव्हा अण्णा बाहेर गेले होते. मी निखिलला थट्टेनं विचारलं, “काय मग, बाटली आणली का?”

तो दबक्या आवाजात म्हणाला, “काका, बीअर मी कधीच सोडलीय. पित्त होतं मला.”

“मग सांगा ना त्यांना!”

“कसं सांगू?” त्यानं फळीकडे बोट केलं. “खाचा बघा कशा केल्यात. प्रत्येक खाच पॉलिश पेपरनं घासलीय.”

मी एका खाचेवरून बोट फिरवून पाहिलं. म्हणजे शहरातला हा एकमेव बार, ज्याला पाणी नव्हतं आणि पिणाराही नव्हता. आणि तरी तो चांगला चालला होता.

त्याच संध्याकाळी गल्लीच्या ग्रुपवर वॉलमनचा निरोप आला. उद्या पहाटे पाणी. अण्णा कंपाउंडपाशी आले.

“खरंच उद्या, सर?”

“हो. पाळीप्रमाणं बरोबर.”

“या बारीला लवकर आलं,” अण्णा म्हणाले. आमच्या गल्लीत पाणी लवकर आलं अशी तक्रार केलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

पहाटे पाणी आलं. मोटारी सुरू झाल्या, पाइप रस्त्यावर आले, कुणाचा हौद भरून वाहायला लागला आणि कुणी कुणाला ओरडलं. मीही लुंगी खोचून अंगणात उतरलो आणि नळाला लावलेला पाइप हातात धरला. दोन घरांच्या अंगणांमध्ये कमरेएवढं कुंपण आहे. पलीकडे अण्णा फाटकाजवळ उभे होते, अंधुक उजेडात, अगदी ताठ. त्यांची मोटार बंद होती. हौदाचं झाकण लावलेलं होतं.

“अण्णा, भरून झालं?”

“आमच्याकडं आलं नाय.”

“नाही? असं कसं?” लाइनीवर त्यांचं घर माझ्या आधी लागतं. त्यांच्याकडे न येता माझ्याकडे येऊच शकत नाही. “काहीतरी अडकलं असेल. थांबा, बघू.”

फाटकाशी जमिनीत एक लहान चेंबर आहे, त्यात त्यांच्या घराचा मुख्य कॉक. मी कुंपणावरून वाकलो, तसा अण्णांनी चेंबरच्या झाकणावर पाय ठेवला.

“ऱ्हाऊ द्या, सर.”

मग मला त्यांच्या हातातली कॉकची चावी दिसली. ओली होती. पाणी आलं होतं. त्यांनीच ते बंद केलं होतं.

“अण्णा, हे काय? हौदात काय आहे तुमच्या?”

“तळ.”

“आणि टाकीत?”

“आज निघंल कसंबसं.”

“मग पुढचे आठ दिवस काय करणार? घरात पाहुणे आहेत!”

“म्हणून तर.” त्यांनी चावी दुसऱ्या हातात घेतली. “पाणी आलं की जायचं, आसं बोलणं झालंय. ह्यो नळ चालू झाला की संपलं, सर. गाडी धरतील. मग पुन्हा सकाळी येणं न् संध्याकाळी जाणं.” त्यांनी घराच्या दाराकडे पाहिलं. “आठ दिवस ऱ्हातील आसं नाय म्हणत मी. येडा नाय. पण आजचा दिवस तरी ऱ्हातील का नाय? मला तिच्यासंगं आजून बोलायचंय. अजून काय बी बोललो नाय मी. नुसतं पाइपाचंच बोलतोय तीन दिस.”

पाण्यासाठी माणसं एकमेकांच्या अंगावर जातात, हे मी याच गल्लीत बघितलंय. दारात आलेलं पाणी स्वतःच्या हातानं परतवणारा माणूस बघितला नव्हता. हातातल्या पाइपातून माझं पाणी वाहून चाललं होतं, ते अण्णांना दिसत होतं; एरवी ते सवयीनं ओरडले असते.

तेवढ्यात मागचं दार वाजलं आणि लोमटे वहिनी अंगणात आल्या. कमरेवर रिकामा हंडा. गल्लीभर पाण्याचा आवाज येत होता आणि आपल्याच घरात थेंब नाही, हे त्यांना कळायला वेळ लागला नाही. मी मनाची तयारी केली. आता अण्णांची धडगत नाही.

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या हातातल्या चावीकडे पाहिलं. चेंबरच्या झाकणावरच्या त्याच्या पायाकडे पाहिलं. मग त्या कुंपणापाशी आल्या, हंडा कठड्यावर ठेवला आणि माझ्या हातातला पाइप ओढून त्यात सोडला. पाणी पितळेवर खणखणून आदळलं, तशी त्यांनी घाईनं पाइपाचं तोंड हंड्याच्या आतल्या अंगाला टेकवून धरलं. आवाज थांबला.

“हळू भरा, सर,” त्या म्हणाल्या. “ज्योती झोपलीय आजून.”